वाचकांचे प्रश्न : पेडलला पट्टा कोणता लावावा?

प्रश्न : मी रोज सायकलने कामावर जातो. चढावर उभे राहून पेडल मारताना, आणि विशेषतः बूट ओले असताना, माझा पाय वारंवार घसरतो. मध्यंतरी पेडलचे दाते नडगीला लागून चांगलीच जखम झाली. बुटाच्या तळाला खीळ बसवून अडकवायची पेडल आणि त्यांचे खास बूट मला परवडण्यासारखे नाहीत, म्हणून पट्टे लावावेत असे वाटते. अरुंद बक्कलचे आणि रुंद वेल्क्रोचे असे दोन प्रकार मी पाहिले. त्यांतला कमी खर्चाचा आणि भरवशाचा कोणता? पाय अडकून सायकलसकट आडवे होण्याची भीतीही वाटते.

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि निवडीची सुरुवात तिच्यापासूनच करावी. पट्टा पाय किती घट्ट धरतो हे सगळेच पाहतात, परंतु तो पाय किती सहज सोडतो हे विकत घेण्यापूर्वी तपासणारे थोडेच. रोज सिग्नलला थांबत, वळणे घेत जाणाऱ्या माणसाने पाय सुटण्याला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र पट्ट्याच्या आधी आपले पेडल नीट पाहावे. ते हाताने फिरवून पुढून, मागून आणि कडेने बघा. पट्टा ओवण्यासाठी त्यात आरपार खाचा असाव्या लागतात. धातूच्या पोकळ चौकटीच्या पेडलमध्ये त्या असतात. रबरी ठोकळ्यांच्या पेडलमध्ये बहुधा नसतात, आणि अशा पेडलवर दोरीने किंवा तारेने पट्टा बांधण्याचा जुगाड करू नये, कारण तो नेमका जोर लावताना सरकतो. खाचा नसतील तर साधी चौकटीची पेडल घेणे हाच स्वस्त मार्ग. प्रौढांच्या बहुतेक सायकलींच्या पेडलचे आटे ९/१६ इंचाचे असतात. एकसंध क्रँक असलेल्या, म्हणजे दोन्ही पेडलांचे दांडे आणि त्यांचा मधला आस एकाच तुकड्याचे असलेल्या, काही सायकलींना १/२ इंचाचे लागतात, म्हणून जुने पेडल सोबत नेऊन जुळवून घ्यावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सैल करताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून आटे खराब करून घेणारे अनेक आहेत.

आता प्रकारांकडे वळू. अरुंद पट्टा सहसा टो-क्लिपसोबत, म्हणजे बुटाच्या टोकापुढे येणाऱ्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या कमानीसोबत वापरतात. १९८४ साली लुक कंपनीची खिळीवर अडकणारी पेडल बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो यांनी ती वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली; त्याआधी कित्येक दशके शर्यतीतले सायकलपटू याच कमानी आणि चामडी पट्टे वापरत होते. तेव्हा पट्टा म्हणजे काहीतरी दुय्यम साधन, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

या पट्ट्याचा जीव त्याच्या बक्कलमध्ये असतो. आत स्प्रिंगने दाबलेली एक दातेरी जीभ असते. पट्ट्याचे मोकळे टोक ओढले की पट्टा पुढे सरकतो, उलट ताण आला की दाते रुततात, आणि अंगठ्याने जीभ ढकलली की पकड सुटते. दुकानात पट्टा हातात घेऊन ही तिन्ही कामे दहा-बारा वेळा करून पाहावीत. दाते बोथट असतील, स्प्रिंग लेची असेल किंवा पातळ पत्र्याचे बक्कल बोटांनी वाकत असेल, तर पट्टा कितीही सुबक दिसला तरी परत ठेवावा. कापडाचा दर्जा थोडा कमी चालेल, बक्कलचा चालणार नाही. चामडे भिजले की ताणते, आणि तेल न लावता वाळू दिले की तडकते. आपल्याला ओल्या दिवसांतही जायचे आहे, म्हणून घट्ट विणीचे नायलॉन बरे. त्याचे टोक उसवू लागले तर मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवून बंद करता येते. दोन चामडी थरांमध्ये नायलॉन शिवलेले पट्टे सर्वांत टिकाऊ असतात, पण त्यांची किंमतही तशीच असते.

पट्टा ओवताना दोन्ही खाचांच्या मधल्या भागात, म्हणजे पेडलच्या पोटाखाली, त्याला एक पूर्ण पीळ द्यावा. या पिळामुळे पट्टा जागच्या जागी राहतो आणि घट्ट करताना बक्कल घसरत पेडलखाली जात नाही. बक्कल बाहेरच्या बाजूला, चौकटीच्या काठाला लागून, पण बुटावर न टेकणारे असावे. उरलेले टोक क्रँककडे लोंबू देऊ नये.

रुंद वेल्क्रो पट्ट्याची रीत वेगळी. तो पेडलवर तिरपा किंवा आडवा बसवून आपल्या बुटाच्या मापाला एकदाच जुळवायचा असतो; त्यानंतर मागून पाय सरकवायचा आणि मागेच ओढून काढायचा, बक्कलला हात लावण्याचे काम नाही. दाब चवड्याच्या संपूर्ण रुंदीवर पसरत असल्यामुळे साध्या बुटातही तो बोचत नाही. घेताना शिलाई उलटसुलट करून पाहावी. पट्टा जिथे दुमडतो तिथे चौकोनात फुली मारल्यासारखी दुहेरी शिलाई हवी, एकेरी टाक्यांची ओळ पुरेशी नाही. वेल्क्रोच्या दोन बाजू एकमेकींवर भरपूर लांबीपर्यंत चढल्या पाहिजेत. टोकाला जेमतेम चिकटणारा पट्टा चढावर दगा देतो. चिखल आणि कापडाचे तंतू अडकले की वेल्क्रोची पकड कमी होते, तेव्हा जुन्या टूथब्रशने त्याचे आकडे साफ करावेत.

आपला वापर लक्षात घेता मी रुंद पट्टा सुचवेन, मात्र आपल्या पेडलच्या खाचा त्याला पुरेशा रुंद असतील तरच. तसे नसेल तर टो-क्लिप आणि नायलॉनचा अरुंद पट्टा घ्यावा, पण गर्दीच्या रस्त्यावर तो सैलच ठेवावा, इतका की बक्कलला हात न लावता पाय मागे निघेल. पट्टा अजिबात नसलेल्या अर्ध्या कमानीही मिळतात. त्या पाय पुढे घसरणे थांबवतात, पण वर उचलला जाणारा पाय धरत नाहीत. निव्वळ भीतीमुळे निर्णय अडला असेल तर काही आठवडे त्या वापरून पाहायला हरकत नाही.

कमान निवडताना तिची लांबी अशी घ्यावी की चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या आसावर येईल. बसवल्यावर क्रँक आडवा करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, कारण लहान चौकटीच्या सायकलींत कमानीचे टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला लागते आणि सावकाश वळताना तोल जातो. सुरुवातीला एकाच पेडलला पट्टा लावून मोकळ्या जागेत सराव करावा. थांबायच्या बरेच आधी पाय काढण्याची सवय लावून घ्यावी. पाय वर उचलायचा नाही, सरळ मागे ओढायचा. घाबरलेला माणूस नेमका उलट करतो. पाय बाहेर असताना पेडल उलटे होऊन पट्टा खाली लोंबतो आणि वळणावर रस्त्याला घासू शकतो, हे ध्यानात ठेवावे. बुटांच्या लेसची टोके आत खोचावीत. खोल नक्षीचा तळ चौकटीत अडकतो, म्हणून सपाट तळाचे बूट सोयीचे.

पट्टा लावला की पेडल वर ओढूनही जोर मिळतो आणि वेग बराच वाढतो, असे आपल्याला कोणीतरी सांगेल. तयारीचे सायकलपटूसुद्धा जवळजवळ सगळा जोर पेडल खाली दाबतानाच लावतात. वर येणारा पाय फार तर स्वतःचे वजन हलके करतो. आपल्याला मिळणारा लाभ आहे तो पाय जागेवर राहण्याचा, आणि नडगीसाठी तो पुरेसा आहे.

प्रश्न : घरातल्या व्यायामाच्या सायकलच्या एका पेडलचा प्लॅस्टिकचा पट्टा तुटला आहे. तेवढाच बदलता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी खाचेची रुंदी आणि पट्ट्यावरील भोकांमधले अंतर मोजावे, कारण हे पट्टे सर्व पेडलना सारखे बसत नाहीत. डाव्या-उजव्या पट्ट्यांचा आकार बऱ्याचदा वेगळा असतो, तेव्हा खूण पाहून घ्यावी. एक पट्टा कडक होऊन तुटला असेल तर दुसराही त्याच वाटेवर असतो; जोडीच बदलावी. माप जुळत नसेल तर पट्ट्यासह नवी पेडल घेणे अनेकदा शोधाशोधीपेक्षा स्वस्त पडते, अर्थात आट्यांचे माप पाहूनच. आपल्या यंत्राचे जड चाक पेडलशी कायम जोडलेले असेल, म्हणजे आपण थांबलो तरी पेडल फिरतच राहत असतील, तर ब्रेकची खुंटी दाबून ती पूर्ण थांबल्याशिवाय पट्ट्यातून पाय काढू नये.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी सायकल शिकली आहे. तिच्या पेडलना पट्टे लावावेत का?

उत्तर : नाही. या वयात तोल गेला की पाय तत्काळ जमिनीला टेकला पाहिजे. तिचे पाय घसरत असतील तर खरखरीत पृष्ठभागाची, तिच्या पावलाच्या रुंदीला साजेशी पेडल बसवावीत आणि खोगीर फार उंच तर नाही ना, हेही पाहावे. पाय पुरत नसला की पावलाचे टोकच पेडलवर टेकते आणि तेच घसरते.