विचारा माशांचं: चिऱ्यातली विहीर आणि मलावीचे पाहुणे

आमच्या दोन फुटी टाकीत इलेक्ट्रिक यलो सिक्लिड (सिक्लिड कुळातले पिवळे मासे) आहेत. म्हापशाहून आणले तेव्हा पिवळेधमक होते, आता मळकट दिसतात आणि दगडाआडून बाहेर येत नाहीत. पाणी घरच्या विहिरीचं, आम्ही पितो तेच. दुकानदार कलर फूड (रंग खुलवणारं खाद्य) घाला म्हणतो. घालू का? — एक वाचक, डिचोली

घाला, पण आधी पाण्याचा पीएच मोजा. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा; 7 च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. तुमची विहीर चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, खणलेली असणार. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ (क्षार कमी असलेलं) आणि आंबटसर असतं. पावसाळ्यात तर आणखीच. पिण्याला उत्तम, डाळही पटकन शिजते. पण हा मासा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. तिथला पीएच साधारण 7.8 ते 8.6. तुमच्याकडे तो 6.5 च्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही.

शिवाय टाकी जुनी होते तसं पाणी आणखी आंबट होतं. फिल्टरमधले जीवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं. ते मारायला पाण्यात कार्बोनेट लागतं, आणि तेच तुमच्या विहिरीत नाही.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांचं सुकं केलंत की शिंपले फेकू नका. मसाला, तेल, मांस काहीही राहता कामा नये. घासून उकळा, कडकडीत उन्हात वाळवा, जाडसर ठेचा आणि दोन मुठी जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या धारेत ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट असेल तसा तो हळूहळू विरघळतो. बदलायचं पाणीही एका पिंपात शिंपले आणि एअरपंप घालून आधीपासून मुरवा, नाहीतर दर आठवड्याला पाव टाकी बदलताना पुन्हा तेच आंबट पाणी ओताल.

घाईने खायचा सोडा मात्र ओतू नका. आंबट पाण्यातला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम चढला की तोच विषारी होतो आणि सकाळी मासे उताणे दिसतात.

आणि दोन फुटांची टाकी त्यांना अपुरीच. एक दांडगा बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो, आणि धाकातल्या माशाचा रंग कुठल्याही खाद्याने खुलत नाही. निदान तीन फुटी घ्या, दगडांच्या कपारी भरपूर ठेवा. जमत नसेल तर सरळ राम सिक्लिड पाळा. ओरिनोको खोऱ्यातला हा मासा मऊ, आंबट, कोमट पाण्यातलाच; त्याला तुमची विहीर आहे तशी चालेल. तुमच्या जागी मी तेच केलं असतं.

माझी एक यलो मासोळी खातच नाही. गाल फुगलेत, तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं. औषध घालू का? — एक वाचक भगिनी, मडगाव

अजिबात नको! तिच्या तोंडात अंडी आहेत; या जातीची मादी ती तोंडातच उबवते. साधारण तीन आठवडे ती अशीच उपाशी राहील. फार हाकलाहाकली होत असेल तरच वेगळ्या टाकीत हलवा, आणि तेही अलगद. घाबरली तर अंडी थुंकून टाकते.

पिल्लं फार झालीत. गावच्या व्हाळात (ओढ्यात) सोडली तर? — विद्यार्थी, सावईवेरे

नाही. 1952 साली मोझांबिकचा तिलापिया भारतात आणला, तोही सिक्लिडच. आता तो पाण्यातून काढून दाखवा! आपल्या खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली) काळुंदर याच कुळातली, पण ती इथलीच. टाकीतले मासे व्हाळात जगले तरी पंचाईत, मेले तरी अंगावरचा रोग मागे राहू शकतो. दुकानदाराला विचारा, तयार पिल्लं बरेचजण खाद्याच्या बदल्यात घेतात. तोवर नर आणि मादी वेगळ्या टाक्यांत ठेवा.