आधी खाली उतरा, मग गाडी घाला

मित्रमंडळींसोबत डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्यांची पत्रं या वेळी इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ‘कोणती गाडी घेऊ’ विचारणाऱ्यांना मात्र उत्तर नाही. आहे त्या गाडीत बसून काय करायचं, तेवढंच इथं बोलू.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र तीन गाड्या घेऊन एका दिवसासाठी डोंगरातल्या ट्रेलवर जाणार आहोत. एक लो रेंज असलेली फोर बाय फोर, दुसरी ऑल व्हील ड्राइव्ह, तिसरी फक्त पुढच्या चाकांवर चालणारी, पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २०० मिलिमीटर आहे. जमेल का?

जमेल. मात्र वाट कोणती घ्यायची ते तिसऱ्या गाडीकडे बघून ठरवा. गटातली सगळ्यात कच्ची गाडी जिथून जाईल, तीच त्या दिवसाची वाट. हे पटत नसेल तर ती पायथ्याशी लावा आणि चौघं दोन गाड्यांत बसा. मला विचाराल तर हाच बेत उत्तम. एक गाडी अडकली तर ओढायला दुसरी आहे, आणि प्रत्येक चालवणाऱ्याला खाली उतरून वाट बघणारा जोडीदार आहे.

त्या २०० मिलिमीटरवर फार विसंबू नका. माणसं आणि सामान भरलं की स्प्रिंगा बसतात आणि आकडा कमी होतो. शिवाय खडकाळ चढावर गाडी पोटाआधी नाकावर आपटते. पुढचा बंपर चाकाच्या जितका पुढे आलेला, तितका कमी चढ तिला झेपतो. उतरताना मागच्या बंपरचं तेच. उंचवटा ओलांडताना दोन चाकांमधलं पोट टेकतं, आणि लांब गाडीचं आधी टेकतं. निघण्याआधी सपाट जागी गाडीच्या कडेला उकिडवे बसा आणि बंपरपासून चाकापर्यंतचा तो कोन डोळ्यांत भरून घ्या. पुढे प्रत्येक दगडापाशी त्याचीच आठवण येईल.

ऑल व्हील ड्राइव्ह आणि तुमच्या फोर बाय फोरमधला खरा फरक लो रेंजचा. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, गिअरची आणखी एक जोडी असते. ‘फोर एल’ म्हणजे लो रेंज लावली की चाकं साधारण दोन ते पावणेतीन पट सावकाश फिरतात आणि जोर तेवढ्याच पटीनं वाढतो. रँग्लर रुबिकॉनसारख्या गाडीत तर चारपट. त्यामुळे क्लचवर पाय न ठेवता, माणसाच्या चालीनं, गाडी दगडावरून नुसती सरकवता येते. लो रेंज नसलेल्याला तोच चढ वेग घेऊन मारावा लागतो, आणि बंपर तुटतात ते त्या वेगात.

नवखा माणूस घाबरतो ती जागाही सांगून ठेवते. वाट वेडीवाकडी झाली की पुढचं उजवं चाक खड्ड्यावर लोंबतं आणि मागचं डावं हवेत जातं. ॲक्सिलरेटर दिला की नेमकी तीच दोन चाकं गरगर फिरतात, जमिनीवरची दोन ढिम्म. चारही चाकांना ताकद जाते ना, मग हे काय? डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी गिअरची पेटी. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही मिळत नाही. अलीकडच्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी फिरत्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोर पलीकडे पाठवतो. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतो, खालून कर्कर आवाज येतो, दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही. इथंच लोक घाबरून पाय काढतात. काढू नका. ॲक्सिलरेटर थोडा आणि स्थिर ठेवा. मागचं चाक अडखळत थांबतं, पुढचा टायर खडकाची कड पकडतो आणि गाडी कण्हत पुढे येते. डिफ लॉक (दोन्ही चाकं एकाच गतीनं बांधणारं कुलूप) असेल तर तो चाकं उचलण्याआधीच लावायचा. चाक गरगरत असताना लावला तर आतल्या दातऱ्यांवर फटका बसतो.

क्रम असा ठेवा : फोर बाय फोर पुढे, तिसरी गाडी नेलीच तर ती मध्ये, ऑल व्हील ड्राइव्ह मागे. पुढची गाडी अडथळा पूर्ण पार करेपर्यंत मागच्यानं चढावर चाक ठेवायचं नाही. वळणावर प्रत्येकानं मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं. परतताना डांबर लागलं की फोर बाय फोर काढायला विसरू नका. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत पुढची-मागची चाकं एकाच गतीनं बांधलेली असतात. पकड असलेल्या रस्त्यावर वळताना सगळी यंत्रणा आवळली जाते.

प्रश्न : टायरमधली हवा किती कमी करायची? एक मित्र म्हणतो १५, दुसरा म्हणतो हात लावू नकोस.

दुसऱ्याचं ऐकलंत तर दिवसभर दात खिळखिळे होतील. पहिल्याचं ऐकलंत तर खडकावर टायर रिमवरून उतरू शकतो. रस्त्यावर ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर दगडगोट्यांच्या वाटेवर २० ते २४ ठेवा. वाळू असेल तरच १५-१८ पर्यंत जा आणि तिथं झटक्यानं वळू नका. हवा कमी झाली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि रबर टोकदार दगडावर ताठ न राहता त्याला लपेटून बसतं. मऊ झालेली साइडवॉल मात्र बाहेर फुगते आणि खडकाच्या धारेला लागून कापते. म्हणून दगडाच्या शेजारून निसटायला बघू नका, चाक सरळ दगडावर चढवा. नवख्याला हे उलटं वाटतं.

हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा. उंचावर मीटर जरा फसवतो. तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवत असल्यामुळे १००० मीटर वर गेलात की साधारण दीड पीएसआय जास्त दिसतो. उलट तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो. या भानगडीत फार पडू नका, सगळ्या चाकांत सारखी हवा आहे एवढं बघा. परतताना डांबरावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. कंप्रेसर थेट बॅटरीला जोडा आणि इंजिन चालू ठेवा. सिगरेट लायटरच्या खोबणीत लावलात तर फ्यूज उडण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी गाडी चालवते, नवरा पुढे उभा राहून दिशा दाखवतो. ‘डावीकडे घे’ म्हणाला म्हणून घेतलं, तर ओरडतो, ‘तुझी डावी!’ मागून बाकीचे तिघं वेगळंच सांगतात. मी कोणाचं ऐकू?

एकाचंच. गाडी अडथळ्याला लागण्याआधी ठरवा की आज वाट दाखवणार कोण, आणि बाकीच्यांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत. अपवाद फक्त ‘थांब’चा. तो शब्द कोणीही उच्चारावा आणि तुम्ही कोण म्हणालं ते न बघता ब्रेक दाबावा.

तोंडी डावं-उजवं बंद करा. समोरासमोरच्या दोन माणसांत त्याचा घोळ होणारच, शिवाय इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. दोन्ही हात छातीसमोर धरून ज्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं त्या बाजूला दोन्ही न्यायचे. मूठ वळली की थांबायचं. तळहात आपल्याकडे हलला की पुढे यायचं. दोन तळव्यांमधलं अंतर म्हणजे उरलेली जागा. एवढ्या खुणा पुरतात. काय दाखवायचं ते मात्र आधी दोघांनी मिळून ती जागा चालून ठरवायचं : हा दगड डाव्या चाकाखाली, तो दोन चाकांच्या मधून, इथं थांबायचं. चालण्यात वाया गेलेली पाच मिनिटं ओढाओढीचा तासभर वाचवतात.

नवऱ्यालाही दोन गोष्टी सांगा. गाडी आणि खडक यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, आणि गाडीसमोर पाठमोरं मागे चालत जायचं नाही. पाय अडखळून पडला तर तुम्हाला बॉनेटमुळे तो दिसणारही नाही. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, मग तो कितीही हाका मारो. आणि तुमच्यासाठी : अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवू नका, वरच ठेवा. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मुरगळतो.

(ओरडण्याचं म्हणाल तर तो भाग कौटुंबिक सल्ल्याच्या सदराकडे पाठवावा लागेल.)

प्रश्न : चिखलात रुतलेली गाडी काढताना मित्रानं पट्टा टो बॉलला अडकवला. मी हरकत घेतली तर सगळे हसले. माझं चुकलं का?

अजिबात नाही. ट्रेलर ओढायचा तो लोखंडी गोळा सावकाश खेचण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. झटक्यानं तो तुटला तर तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो. यात माणसं दगावली आहेत. यावर चेष्टा चालू द्यायची नाही.

गाडी ओढायची ती चॅसीला बोल्टनं पक्क्या केलेल्या रिकव्हरी हुकालाच. गाडीखाली दिसणाऱ्या पातळ कड्या बहुतेक वेळा जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधून ठेवण्यासाठी असतात, त्या चालत नाहीत. दोर कोणता तेही बघा. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला की ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि तो ताण गाडीला हळूच उपसतो. न ताणणाऱ्या पट्ट्यानं झटका मारला तर सगळा धक्का हुकावर येतो. दोन पट्टे जोडायला मध्ये लोखंडी शॅकल (खिळीची जाड कडी) कधीच घालू नका. दोरावर मधोमध एखादं जाड जाकीट टाका, म्हणजे तुटलाच तर खाली पडेल. दोन चालक सोडून बाकी सगळ्यांनी दोराच्या दीडपट लांबीइतकं दूर जायचं, आणि दोराच्या रेषेत कोणीच नाही.

पण दोर हा शेवटचा उपाय. लोक छतावर नाना अवजारं लादून येतात आणि फावडं विसरतात. एक ना धड भाराभर चिंध्या! रुतलेल्या गाडीच्या चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल उपसा, टायरची हवा आणखी थोडी सोडा आणि जिथून आत आलात त्याच चाकोरीनं मागे घ्या. बऱ्याच गाड्या एवढ्यावर निघतात.

प्रश्न : लांब उतारावर ब्रेकचा वास यायला लागला, मग पेडल मऊ पडलं. आता उताराची धास्ती बसली आहे.

पॅड तापले की पकड जाते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल आत जातं. आधी ते ऑइल बदलून घ्या. उतार लागण्यापूर्वी थांबून फोर एल आणि पहिला गिअर टाका, मग क्लचला हात नाही, म्हणजे पाय नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिकमध्ये हातानं पहिल्यावर ठेवा. उतारावर गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारा हिल डिसेंट कंट्रोल सोयीचा आहे, पण तोही ब्रेकच वापरतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या उतारावर त्याच्या भरवशावर राहू नका. चाकं लॉक होऊन गाडी घसरायला लागली तर ब्रेक सोडा आणि किंचित ॲक्सिलरेटर द्या, चाकं फिरली की स्टिअरिंग परत ऐकतं.

चढावर मध्येच दम तुटला तर उलटं : ब्रेक घट्ट, इंजिन बंद पडलं असलं तरी रिव्हर्स टाका, आणि सरळ रेषेत मागे उतरा. चढावर गाडी आडवी करायला जाल तर लोळण घेईल. न्यूट्रलमध्ये तर मुळीच सोडू नका.

प्रश्न : ओढ्यातून गाडी किती खोल पाण्यात घालावी?

चालत जाऊन आलात तेवढ्याच. प्रवाहामुळे पायी जायची हिंमत होत नसेल तर गाडीही घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलायला पुरतं. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्याऐवजी आतला दांडा वाकतो. ओढा पार झाला की थोडं ब्रेक दाबत चालवा, म्हणजे पॅड कोरडे होतील.

प्रश्न : माझी फोर बाय फोर जुनी आहे, ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे काही नाही. मित्र म्हणतात, आणू नकोस. काय करू?

आणा. १९४१ च्या विलीस जीपमध्ये ६० अश्वशक्तीचं इंजिन आणि लो रेंज होती, बाकी काही नाही. १९५१ मध्ये टोयोटाची बीजे फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत गेली, तीही कोणत्याही संगणकाशिवाय. मित्रांचं बहुधा अंगण वाकडं असेल. चाक हवेत गरगरू लागलं तर ॲक्सिलरेटर दाबून ठेवून डाव्या पायानं ब्रेकला हलकेच स्पर्श करा. ट्रॅक्शन कंट्रोल करतो त्यातलं थोडंफार काम होतं. क्लचवाल्या गाडीत गिअर पडलेला आणि क्लच पूर्ण सोडलेला असेल तरच डावा पाय मोकळा मिळतो. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते आधी बघून ठेवा. पुढच्या चाकांचे हब (चाकाच्या मधोमध असलेली, चाक ॲक्सलला जोडणारी कळ) हातानं लॉक करायचे असतील तर ट्रेल सुरू होण्याआधी कोरड्या सपाटीवरच करून घ्या, नाहीतर गुडघाभर चिखलात हात घालून ते फिरवायची वेळ येते.