सदाफुली आणि मांजराची पिल्लं

ताई, डिचोलीच्या तुमच्या घरी तुळशीवृंदावनाच्या कडेने सदाफुली आहे, आता दोन पिल्लं आलीत, आणि शेजारच्या काकी म्हणतात "औषधी झाड, त्याने काय होतंय?" म्हणून ती ठेवावी की काढावी, असं तुम्ही विचारलंय. पिल्लं मोठी होईपर्यंत तरी ती त्यांच्या तोंडाला येणार नाही अशा जागी हलवा.

सदाफुली औषधी आहे, काकींचं खरं. पण औषध कसलं ते पाहा. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं या झाडातून मिळाली. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर गाठ होते तेव्हा पशुवैद्य व्हिन्क्रिस्टीनच देतात. वजन बघून, जपून, शिरेतून. पेशींचं विभाजन थांबवणारं ते द्रव्य आहे. माणसं मधुमेहासाठी उपाशीपोटी पानं चावतात म्हणून इवलंसं पिल्लू ती पचवेल असं धरून चालू नका. पोटात गेली तर उलट्या, जुलाब, मलूलपणा, रक्तदाब उतरणं. जास्त गेली तर थरथर, झटके, आणि जीवही जाऊ शकतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पानं कडूजहर असतात. रस्त्याकडेची सदाफुली मोकाट गुरंसुद्धा सोडून देतात, ते त्यामुळेच. जाणतं मांजर बहुधा हुंगून बाजूला होतं. झाडाखाली झोपलं, अंग घासलं तर घाबरायचं कारण नाही. पिल्लांना मात्र दात शिवशिवतात, तेव्हा समोर येईल ते चावलं जातं.

चावलेलं दिसलंच तर तोंडातले तुकडे काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मीठच मांजराला बाधतं. दूधही उतारा नव्हे. झाडाची फांदी पिशवीत घालून पिल्लाला थेट पशुवैद्याकडे न्या. लक्षणं दिसायची वाट पाहू नका.

खरं सांगू, सदाफुलीपेक्षा मला लिलीची धास्ती जास्त आहे. पार्टीतून आलेल्या गुच्छातली ती मोठी सुवासिक लिली! अंगावर पडलेला पराग चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. त्यावर उतारा नाही. उलट्या सुरू होण्याआधीच सलाईन लागलं तर वाचण्याची आशा असते. ज्या घरात मांजर आहे तिथे ती नकोच. कुंपणाची कण्हेर, पिवळी असो वा गुलाबी, हृदयावर जाते आणि तिची वाळलेली पानंही तितकीच वाईट. बंगल्यांपुढे शोभेला लावलेला सायकस यकृत खातो, त्यातही बिया. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातून कोणी विषारी कळलावी आणली तर ती उंच बांधा आणि गळलेलं पान-फूल लगेच उचला. कंद घरात आणूच नका. मनीप्लांटने तोंड जळजळतं, लाळ गळते, पण जिवावर सहसा बेतत नाही.

वृंदावनाशेजारी मोगरा, गुलाब किंवा झिनिया लावा, मांजरांना चालतात. आणि एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा. आठवड्याभरात हिरवे कोंब वर येतील. मांजरांना गवत चावायला लागतंच, ते हाताशी असलं की बाकीच्या कुंड्यांकडे त्यांचं लक्ष कमी जातं.