युद्धकथेतल्या खबऱ्याचा हेतू शेवटपर्यंत लपवला तर वाचक चिडेल का?

तुमची कादंबरी दुसऱ्या महायुद्धावरची आहे आणि खबऱ्या माहिती का फोडतो हे शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. खुशाल झाका, त्याने वाचक चिडत नाही. झाकण उघडल्यावर आत नुसतं देशप्रेम निघालं की चिडतो.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. 14 एप्रिल 1944 ला साताऱ्याच्या प्रतिसरकारवाल्यांनी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. धुळ्याकडच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. आमचे आजोबा पोलिसांचा माणूस म्हणून गावात बदनाम होते. लुटीनंतर फौजदार आला तेव्हा त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, माणसं शिरपूरकडे गेली. पाहिलं त्यांनी कुणालाच नव्हतं. एप्रिलच्या उन्हात ते पोलीस दोन दिवस तापीकाठी वणवण करत राहिले.

का सांगितलं? घरात एकच उत्तर, देशासाठी. मी आजीला विचारलं तेव्हा ती चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कसाना देश? फौजदार दोन पोता दादर फुकट ली गयथा!" दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी.

यावर मी गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहिली. काकांनी दादरचं वाक्य कापलं आणि तिथे भारतमातेवर दीड पानाचं भाषण घुसवलं. पडदा पडायच्या आत मागच्या रांगा चहाला गेल्या. काका अजून म्हणतात, नट कच्चा होता. नट मीच होतो.

काकांसारख्यांना तुर्कस्तानातल्या अंकाराचा खबऱ्या 'सिसेरो' वाचायला द्यावा. सिसेरो हे टोपणनाव, खरं नाव एलियेसा बाझना, तिथल्या ब्रिटिश राजदूताचा खासगी नोकर. 1943 च्या शेवटी साहेबाच्या कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकायला लागला. माझ्या बापाला इंग्रजाने मारलं, असं त्याने जर्मनांना सांगितलं होतं. साफ थाप. त्याला पैसा हवा होता. गंमत म्हणजे कागद अस्सल होते, तरी बर्लिनला संशय, की हा इंग्रजांनीच पेरलेला असेल. आणि जर्मनांनी त्याला मोजलेले पौंड बहुतेक खोटे, त्यांच्याच छापखान्यातले!

तेव्हा तुमच्या खबऱ्याला सांगायला एक मोठा, घरंदाज हेतू द्या आणि मनात दुसरा, दोन पोत्यांएवढा. तो दुसरा आधी एकदा वाचकाच्या डोळ्यांपुढून जाऊ द्या, पण बेमालूम. रिकामी कोठी दाखवा, का रिकामी ते सांगू नका.

अर्थात देशासाठी जीव धोक्यात घालणारे खबरे झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. माझ्या नावावर ती एक पडलेली एकांकिका सोडून काही नाही, हेही लक्षात घ्या. आणि आजीचं आजोबांशी फारसं पटत नव्हतं, हा काकांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पण दादर गेली होती. कोठी धाकट्या आत्यानेही रिकामी पाहिली होती, काकांनी तिला एकदा तरी विचारावं.