पडणारा बर्फ, पडलेला बर्फ

डिसेंबर आला की मनालीची तिकिटं निघतात आणि ठरलेला प्रश्न येतो: बर्फ पडतोय हे उपग्रहाला कळतं ना?

मोबाइलवर इन्सॅटच्या चित्रात मनाली पांढरी दिसतेय. बर्फ पडतोय का? (दादर)

ते ढगांचे माथे आहेत. खाली काय पडतंय ते त्या चित्रावरून ठरत नाही.

टूरवाला म्हणतो, मायक्रोवेव्ह उपग्रह ढगाच्या आतलं बघतो, म्हणून बर्फाची गॅरंटी. खरं का? (डोंबिवली)

गॅरंटी लेखी मागा, मग बघा कशी टाळाटाळ होते ती. मायक्रोवेव्ह संवेदक जमिनीकडून वर येणाऱ्या लहरी मोजतो. ८९ गिगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या वारंवारतेला ढगातले हिमकण त्या लहरी विखुरतात, वर कमी पोहोचतात, म्हणून तो भाग उपग्रहाला थंड दिसतो. गोम अशी, की जमिनीवर आधीच साचलेला बर्फही तेच करतो. नवा कुठला नि जुना कुठला? म्हणून १८३ गिगाहर्ट्झ वापरतात. तिथे हवेतलं बाष्प जमीन झाकून टाकतं आणि वरचे हिमकण तेवढे उरतात. पण स्पितीसारख्या कोरड्या कडाक्यात बाष्पच जेमतेम, त्यामुळे जमीन पुन्हा डोकावते. शिवाय शून्याखालीही न गोठलेले थेंब ढगात असले, तर ते हिमकणांची खूण पुसतात: बाहेर भुरभुर चालू, नकाशा कोरा! त्यात जीपीएम हा पाऊस-बर्फ मोजणारा उपग्रह (२०१४ पासून कक्षेत) काही हिमालयावर ठाण मांडून बसत नाही. येतो आणि पुढे जातो. रंगीत स्क्रीनशॉट दाखवला तर विचारा, कुठल्या उपग्रहाचा, किती वाजताचा? हे सांगता येत नसेल, तर त्याच्या भरवशावर ॲडव्हान्स देऊ नका.

प्रोजेक्टसाठी मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या हवामान उपग्रहाचा जुना डेटा चालेल? (पवई)

हिमाचलसाठी नाही. त्याची कक्षा विषुववृत्ताशी जेमतेम २० अंशांनी कललेली होती, त्यामुळे तो हिमाचलवरून जायचाच नाही. विषय पक्का करण्याआधी गाइडना भेटा.

माथेरानला कधी बर्फ पडेल का? (कर्जत)

नाही.

मुलगा जानेवारीत सोलंगच्या वर ट्रेकला निघालाय. ग्रुपवर आलेल्या नकाशात हिमवृष्टी नाही. पाठवू ना? (बोरिवली)

कोऱ्या नकाशावर विसंबून मुळीच नाही. नकाशात आज काही नसलं, तरी आठवड्यापूर्वी साचलेला थर घसरू शकतो. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज आणि चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक, दोन्ही निघायच्या दिवशी सकाळी बघा आणि तिथल्या गाइडला फोन करा. इथल्या उत्तराची वाट बघू नका. हा स्तंभ पंधरा दिवसांनी येतो.