लोकलचं वेड लागलं हे कशावरून ओळखायचं?

दिवे-पंखे क्षणभर गेले, सगळे वर बघू लागले आणि तुझ्या तोंडून 'न्यूट्रल सेक्शन' निघालं, की समज, लागण झाली. पण कारणही माहीत हवं. लोकलला वीज पुरवणाऱ्या शेजारच्या दोन सबस्टेशनांच्या विजेचा फेज, म्हणजे चढउताराचा ताल, वेगळा असतो. त्यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये ओव्हरहेड वायरचा बिनविजेचा तुकडा ठेवतात, तोच न्यूट्रल सेक्शन. मोटरमन त्याआधी पॉवर बंद करतो आणि गाडी असलेल्या वेगावर पुढे सरकते.

दुसरं लक्षण कानाचं. टपावर पँटोग्राफ, म्हणजे वरच्या वायरमधून वीज घेणारा सांगाडा असलेला डबा म्हणजे मोटर कोच, गाडी चालवणाऱ्या मोटरींचा डबा. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल धरताना तोच गाठ. गाडी सुटताना खालून चढत जाणारा सूर ऐक. ऐरोली, रबाळे, घणसोली करत तुर्भ्यापर्यंत कान तयार होतो. पुढे वाशी आणि नेरूळचे फाटे फुटतात, तिथे सांधे बदलतानाची खडखड वेगळी, तीही ओळखता यायला हवी.

नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रोही सोडू नकोस. लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, मेट्रोच्या 1435. वीज मात्र दोघींकडे 25 केव्ही, म्हणजे 25 हजार व्होल्टची. फोटो काढायचाच तर आधी परवानगी विचार. पिवळ्या रेषेच्या मागे राहा आणि फ्लॅश बंदच ठेव, मोटरमनचे डोळे दिपतात.