वाचकांचे प्रश्न : चाकरीच्या बदल्यात जमीन

प्रश्न : आमच्या घरी निजामकाळातील सनद आहे. देवस्थानच्या पूजेअर्चेसाठी पणजोबांना इनाम जमीन मिळाल्याचे तीत नमूद आहे. मध्ययुगीन युरोपातील सरदारही चाकरीबद्दल जमिनी खात असत. या दोन्ही पद्धती एकच मानाव्यात का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : सेवा चालू तोवर जमीन, ही अट दोन्हीकडे आहे, पण सेवेचे स्वरूप वेगळे असल्याने तुमच्या इनामाची तुलना सरदारांच्या जमिनींशी करणे योग्य होणार नाही. युरोपात रोख पैसा दुर्मीळ आणि चिलखती घोडेस्वार पोसणे महाग, म्हणून राजे पगाराऐवजी जमीन देत. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर पहिल्या विल्यमने सरदारांना जमिनी वाटल्या आणि त्या बदल्यात त्यांच्यावर ठरावीक घोडेस्वार पुरवण्याचे बंधन घातले. सरदार मेला की वारसाने धन्याला नजराणा भरायचा, वारस वयात आलेला नसेल तर जमिनीचे उत्पन्न धन्याकडे जायचे आणि वारसच नसेल तर जमीन परत व्हायची. ती कसणाऱ्या भूदासाला मात्र जमीन सोडून जाण्याचीही मोकळीक नव्हती, हे या व्यवस्थेच्या वर्णनात फार वेळा राहून जाते.

आपल्याकडे लष्करी चाकरीसाठी मोगलांची जहागीर होती. परंतु औरंगाबाद सुभ्यातील मनसबदाराला गावांची मालकी नव्हे, महसूल मिळे, आणि काही वर्षांनी जहागीर बदलली जाई; पिढीजात हक्क होते ते देशमुख-पाटलांच्या वतनांत.

तुमच्या इनामाचे खरे साम्य युरोपातील ख्रिस्ती मठांना प्रार्थनेच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनींशी आहे. त्यांवर लष्करी चाकरी नसे. मठ मरत नाही, त्यामुळे धन्याला वारसाचा नजराणाही कधी मिळत नसे, आणि म्हणूनच इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२७९ मध्ये कायदा करून अशा देणग्यांना आळा घातला. मराठवाड्यात पूजेचे काम घराण्यात चालत आले आणि त्याबरोबर जमिनीची वहिवाटही चालत आली.

हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या १९४९ मध्ये संपल्या. १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्यातून मात्र धार्मिक संस्थांची इनामे वगळलेली होती. त्यामुळे सनदेत जमीन देवस्थानच्या नावे दिली आहे की पणजोबांच्या, आणि सेवेची अट कोणत्या शब्दांत घातली आहे, हे जाणकाराकडून नीट वाचून घ्यावे. तोवर त्या जमिनीचा कोणताही व्यवहार करू नये.